मराठे, राम

मराठे, राम : (२३ ऑक्टोबर १९२४ – ४ ऑक्टोबर १९८९). हिंदुस्थानी ख्यालगायक, संगीत रंगभूमीवरील गायक-नट व नाट्यसंगीतकार. जन्म पुण्याचा, पुढे वास्तव्य ठाण्यात. युरोपात ऑपेराची गायिका लोकप्रिय रंजनाकडे वळली की ती एक घर सोडून दुसऱ्या घरी गेली असे समजतात. त्याच मापाने मराठे यांना ‘मैफल सोडून नाटकात रमलेला गवई’ ठरवणे सोपे आहे, पण ते चूक आहे. त्यांचा प्रवास नेमका उलट्या दिशेने सुरू झाला. त्यांना लोकप्रियता आधी मिळाली, रागदारीची कसून तालीम त्यानंतर झाली, आणि ती तालीम घेऊनच ते रंगभूमीवर उभे राहिले.

‘मनमोहन’ (१९३६) या चित्रपटात ते बालनट म्हणून दिसले. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘गोपालकृष्ण’मध्ये (१९३८) शांता आपटे राधा होत्या आणि बालकृष्ण होता राम मराठे. ‘माणूस’मधला (१९३९) चहावाला पोऱ्याही त्यांचाच. प्रभातच्या या दोन्ही चित्रपटांना संगीत मास्टर कृष्णरावांचे होते, आणि मराठे यांच्या गुरूंमध्येही कृष्णरावांचे नाव येते. ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. भास्करबुवा बखले यांच्या या शिष्याने मैफल, नाटक आणि बोलपट ही तिन्ही ठिकाणे आपली मानली होती. खुद्द भास्करबुवांनी ‘स्वयंवर’ नाटकाच्या (१९१६) पदांना चाली दिल्या होत्या. ऑपेरा आणि लोकरंजन यांच्यामध्ये जशी भिंत उभी असते, तशी ती या परंपरेत फारशी नव्हतीच.

बालनटाचे नाव आवाज फुटेपर्यंत टिकते. त्या नावावर पुढचे आयुष्य काढण्याऐवजी मराठे यांनी अनेक दारी विद्या मागितली. मिराशीबुवांकडून ग्वाल्हेरची, वामनराव सडोलीकरांकडून जयपूरची आणि जोगकंस रागाचे कर्ते जगन्नाथबुवा पुरोहित यांच्याकडून आग्र्याची तालीम त्यांना मिळाली. इतक्या घराण्यांचे पाणी एकत्र आले म्हणजे कुठलेच घराणे शुद्ध राहत नाही, असा आक्षेप कर्मठ रसिक घेतात. त्यात तथ्य आहे. पण मराठे यांच्यापुढचे काम निराळे होते. नाटकाच्या पदात तासभराचा विस्तार परवडत नाही. तोंड बांधायचे, दोन-चार आवर्तनांत रागाचे रूप उभे करायचे, तानेने सम गाठायची आणि पुन्हा संवादावर यायचे. हाताशी अनेक गायक्यांची हत्यारे असणारा माणूसच हे नेमकेपणाने करू शकतो.

विद्याधर गोखले यांच्या ‘मंदारमाला’ (१९६३) नाटकाला त्यांनी संगीत दिले आणि त्यात भूमिकाही केली. प्रसाद सावकार यांच्याबरोबरची ‘जय शंकरा गंगाधरा’ ही त्यातली अहिरभैरवाची जुगलबंदी बारकाईने ऐकण्यासारखी आहे. पूर्वांगात भैरवाचा कोमल ऋषभ, उत्तरांगात काफीचा कोमल निषाद. एकाने सरगम टाकावी, दुसऱ्याने ती लयीत उचलून परत करावी. राग सकाळचा आणि प्रयोग रात्रीचा, तरी तो लोकांच्या कानाला खटकला नाही. रागाचे व्याकरण त्यात कुठे सैल झालेले नाही, आणि तरीही हे गाणे राग न ओळखणाऱ्यालाही धरून ठेवते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा गायकीने नाटक थांबते, ‘वन्समोअर’च्या गजरात पात्र नाहीसे होते आणि उरतो तो गवई. जगन्नाथबुवांचेच दुसरे शिष्य जितेंद्र अभिषेकी यांनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांत या अडचणीवर वेगळा तोडगा काढला. त्यांनी पदे आटोपशीर केली आणि प्रसंगाशी घट्ट बांधली. पुढच्या पिढ्यांनी मुख्यतः हीच वाट धरली आणि नाटक म्हणून तीच अधिक योग्य होती, हे मान्य करायला हवे. मात्र त्यावरून मराठे यांचा मार्ग चुकीचा ठरत नाही. संगीत नाटक बघायला येणारा प्रेक्षक कथानकाइतकाच गाण्यासाठी येतो. गायन हाच प्रसंग असेल, तर विस्तार हा दोष राहत नाही.

त्यांचा प्रेक्षक कोण होता, हेही इथे पाहावे लागते. ‘मंदारमाला’ आले त्या सुमारास ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कारखाने उभे राहत होते आणि ठाणे पाळ्या व लोकल गाड्यांच्या वेळांवर चालणारे शहर होऊ लागले होते. रात्रभर चालणाऱ्या जुन्या प्रयोगांना अशा नोकरदार गावात जागा नव्हती. शेवटची गाडी चुकवून कोणी बसत नाही. ज्याला ख्यालाच्या मैफलीचे आमंत्रण कधी आले नसते, अशा माणसाला तिकीट काढून तीन तासांत अहिरभैरव ऐकायला मिळाला, तो अशा नाटकांमुळे. म्हणून मराठे यांची नाट्यकारकीर्द ही त्यांच्या ख्यालगायनाची तळटीप म्हणून नोंदवणे अन्यायाचे आहे. रागदारी त्यांनी सर्वांत दूरवर पोचवली ती याच मार्गाने.

ठाण्यातील मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन हे नाट्यगृह १९७८ साली झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी मराठे यांचे निधन झाले. ठाणे महानगरपालिका ‘संगीतभूषण पं. राम मराठे’ या नावाने संगीत समारोह भरवते.