दप्तर उघडें, पण कोणास?

दूरध्वनीची यंत्रणा चालविणारी 'अ‍ॅस्टेरिस्क' ही संगणक-आज्ञावली मार्क स्पेन्सर यानें १९९९ सालीं रचिली व सर्वांस खुली केली. तिजवरील मोठें पुस्तक जाणकारांनीं २००५ सालीं लिहिलें आणि तेंही खुलेंच ठेविलें. खुलेपणा निराळा व सुबोधपणा निराळा. हा भेद आमच्या बारामती-इंदापुराकडे फार जुना आहे.

इंदापूर तालुक्यांत १८३० च्या सुमारास प्रिंगल साहेबांची जमाबंदी लागू झाली. पिकाचें उत्पन्न, त्यांतून खर्च वजा, उरलेल्या नफ्याचे शेंकडा ५५ सरकारास! तर्क निर्दोष; परंतु हिशेब इतका गुंतागुंतीचा कीं कारकुनाच्या लबाडीस त्यांत हवी तेवढी जागा होती, आणि कुणब्यास तो तपासतां येणें अशक्य. जमिनी पडीक पडल्या, माणसें शेजारच्या संस्थानांत गेलीं. १८३५ त गोल्डस्मिड व विंगेट आले. त्यांनीं नफ्याचा नाद सोडून मातीचा पोत व खोली पाहिली, नऊ प्रती ठरविल्या, आणि १८३६ पासून तीस वर्षें दर कायम केला. आपल्या शेताचा आकार किती, हें आतां शेतकऱ्यास स्वतः सांगतां येऊं लागलें. आमच्या मतें ह्या जमाबंदीचें खरें यश दर उतरण्यांत जितकें, तितकेंच ह्यांत आहे.

मात्र सावकाराचें दप्तर बंदच होतें. १२ मे १८७५, सुप्याच्या बाजारचा दिवस. जमावानें सावकारांचीं दुकानें लुटलीं. पण त्याचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. पुढें दंगा पसरला तेव्हां जेथें रोखे निमूटपणें हवालीं झाले, तेथें सावकाराच्या अंगास सहसा हात लागला नाहीं. न वाचतां येणाऱ्या कागदाचा निकाल लोकांनीं विस्तवांत लावला. आम्ही त्याचें समर्थन करीत नाहीं. कारण मात्र समजतें.

१८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें कुळाचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमक्ष व्हावे असें ठरलें. पैसे फेडल्याची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्कही कुळास मिळाला. पण अक्षरशत्रु कुळास पासबुकाचा उपयोग काय? गांवांतल्या ज्यास दोन अक्षरें येत, त्यानें वाचून दाखवावें, चूक दिसल्यास बोट ठेवावें, तेव्हां तें त्याचें. आज दूरध्वनीच्या आज्ञावलीवर मराठींत टिपण लिहावयास जो बसेल, त्याचें कामही ह्याच जातीचें. सुप्यास त्या दिवशीं असा एखादा वाचणारा होता, तर तो बहुधा सावकाराच्याच पेढीवर बसलेला होता.