‘प्रमाण’ मेंदू कोणाचा?

गेल्या खेपेला आपण हान्स बर्गरपाशी थांबलो होतो. येना इथल्या या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूची वीज टिपली आणि १९२९ साली ते काम छापलं. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसात डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला दहाएक लहरी उठतात. या अल्फा लहरी. आज वयाकडे वळू. चार महिन्यांच्या बाळात त्याच जागी तीन-चारच लहरी दिसतात. वर्षाच्या सुमारास सहा, तिसऱ्या वर्षी आठ, आणि दहाव्या वर्षाच्या आसपास मूल मोठ्यांच्या बरोबरीला येतं. उतारवयात लय पुन्हा थोडी मंदावते.

इथवर ठीक. पण ही मोजमापं कोणाच्या मुलांवरून आली? गोथेनबर्गच्या मातोउशेक आणि पेटरसेन यांनी १९७३ साली निरोगी स्वीडिश मुलांची वयवार प्रमाणं दिली. १९८० साली न्यूयॉर्कच्या रॉय जॉन यांनी दाखवलं, की वाढीची तीच समीकरणं अमेरिकी मुलांनाही लागू पडतात. मग मेंदूच्या पक्वतेचा रस्ता सगळ्यांचा एकच? म्हणायचा मोह होतो खरा. पण दोन्ही देश खाऊनपिऊन सुखी, हेही ध्यानात ठेवू.

बार्बाडोस बेटावर १९६७ ते १९७२ या काळात जन्मलेली काही मुलं पहिल्याच वर्षी कुपोषणामुळे रुग्णालयात दाखल झाली होती. पुढे त्यांना पोषण मिळालं. पाच ते अकरा वर्षांची असताना त्यांचे ईईजी घेतले गेले. त्यांचं संगणकी विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झालं. त्याच बेटावरच्या, नीट पोसलेल्या मुलांशी ताडून पाहिलं तर या मुलांत मंद लहरी जास्त, अल्फा कमी. म्हणजे वयाने लहान मुलाचा असावा तसा आलेख. तेच बेट, तसेच लोक; फरक पहिल्या वर्षीच्या उपासमारीचा.

हे कळायच्या आधी काय चालायचं? केनियात काम केलेल्या कॅरोदर्स या डॉक्टरचा प्रबंध जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ साली प्रसिद्ध केला. सामान्य आफ्रिकी माणूस मेंदूच्या पुढच्या भागाची शस्त्रक्रिया झालेल्या युरोपियासारखा, असा त्याचा निष्कर्ष! फॅनॉनने पुढे त्याचा समाचार घेतला, ते वेगळं.

म्हातारपणाचीही हीच गत. आम्ही सत्तरी ओलांडलेले, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने पासष्टीपुढचे सत्तेचाळीस पुरुष निवडले. ‘निरोगी’ म्हणूनच निवडलेले. बारकाईने तपासल्यावर वीस जणांत लपलेले आजार निघाले. उरलेल्या सत्तावीस जणांच्या मेंदूचा रक्तप्रवाह तरुणांइतकाच होता. अल्फाची लय मात्र किंचित उतरलेली. म्हणजे ‘वय झालं’ म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातलं बरंचसं धमन्यांचं दुखणं असतं. १९६३च्या त्या ग्रंथात रक्तप्रवाहाच्या प्रकरणाचे पहिले लेखक आहेत दाराब दस्तूर, पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूविकृतिशास्त्राचा विभाग चालवणारे. आपल्याकडे हे फारसं कोणी सांगत नाही.

२०२२ साली नऊ देशांतल्या १५६४ निरोगी लोकांचे आलेख एकत्र करून, पाच ते सत्त्याण्णव वयापर्यंतची प्रमाणं प्रसिद्ध झाली. त्यात यंत्रायंत्रांतला फरकसुद्धा हिशेबात घ्यावा लागला, कारण एका देशाचं यंत्र दुसऱ्या देशाच्या माणसाला ‘वेगळं’ ठरवू शकतं. क्युबा, कोलंबिया, मलेशिया, चीन, बार्बाडोस, सगळे आहेत त्यात. भारत नाही.