ओठ मिटतात तिथं

रेणापूरच्या रेणुकेला नमस्कार करून तुम्ही निघता. देवीचं मूळपीठ माहूर, म्हणून लातूर-नांदेड मागे टाकत तिकडेच जाता. या खेपेला मात्र गडाच्या पायऱ्या उतरून परत फिरू नका. सागाच्या रानातून कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर या.

अंगणात एक पोर नुकताच पडलेला दात तळहातावर घेऊन उभी आहे. ‘पल्,’ ती म्हणते. नीट बघा: आधी ओठ मिटतात, मग शब्द फुटतो. आजी पाण्याचा तांब्या पुढे करते, ‘ईर्’. निलंगा-उदगीरकडच्या कानडी घरांत तुमची ऊठबस असेल तर इथं तुम्ही थबकाल. तिकडे दाताला ‘हल्लु’ म्हणतात, पाण्याला ‘नीरु’. कोलामी आणि कानडी, दोघी द्रविड कुळातल्या. एकीनं ‘प’ सांभाळला आणि पाण्याच्या शब्दातला ‘न’ गमावला, दुसरीनं नेमकं उलट केलं. किनवटच्या बाजारात कानावर पडणाऱ्या तेलुगूत दोन्ही शाबूत आहेत: दूध ‘पालु’, पाणी ‘नीळ्ळु’.

२०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे सव्वा लाखाच्या आसपास होते. युनेस्कोनं तिची नोंद धोक्यातल्या भाषांत केली आहे. अंगणातल्या या पोरीची शाळा मराठीतून आहे.

आता मागे चला. १९४० चं दशक. किनवट अजून हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे. संस्थानच्या नोकरीतले एक अधिकारी गोंडी आणि कोलामी मन लावून शिकताहेत. हे सेतुमाधवराव पगडी, जन्म निलंग्याचा. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना मानतो, पण १९५० मध्ये त्यांनी कोलामीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, हे आपल्याच लातूर जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक असेल. ज्या भाषेत ना पोथी ना ताम्रपट, तिचे नियम कानांनी टिपून कागदावर आणायचे! मला हे काम त्यांच्या कुठल्याही ग्रंथाइतकं मोलाचं वाटतं. पाठोपाठ १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातले भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचा कोलामीवरचा ग्रंथ आला.

आणखी अकराशे वर्षं मागे, आणि पुन्हा रेणापूरला, रेणा नदीच्या काठावर. मान्यखेटात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष राज्य करतोय. लेखांत राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवतात, आणि ते लट्टलूर म्हणजे तुमचं लातूर. त्याच दरबारातला ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो, म्हणजे तुम्ही उभे आहात ती जागाही त्यात आली. काठावरच्या कानडी माणसाला दाताचं नाव विचारा. ओठ मिटतात: ‘पल्’. दूध? ‘पाल्’. माहूरच्या डोंगरातही कोलाम आज दुधाला ‘पाल्’च म्हणतात. दरबाराचा आणि पोडाचा उच्चार एकच निघावा, याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं.

इथून जरा पुढे सरकलात की दहाव्या शतकापासून कानडी ओठ सैल पडू लागतात. ‘पाल्’चा ‘हालु’ होतो, ‘पळ्ळी’ची ‘हळ्ळी’. एका रात्रीत नव्हे. काही शतकं लेखांत दोन्ही रूपं शेजारी शेजारी दिसतात, आजोबांचा ‘प’ आणि नातवांचा ‘ह’. कानडीचं हे वळण दगडांवर वाचता येतं. कोलामीचा ‘न’ गळाला तेव्हा कोरायला कुणी नव्हतं. तो गळाला हे कळतं ते आज कुणीतरी ‘ईर्’ म्हणतं म्हणून. नायकी भाषेतही ‘ईर्’ आहे, गोंडीत ‘येर्’.

या साऱ्या भाषांचे शब्द एकमेकांशेजारी मांडत गेलात तरच शेवटचा टप्पा गाठता येतो, त्या वेगळ्या होण्याआधीचा. तिथं लिपी नाही, राजाचं नाव नाही. पण तहान लागली तर ‘नीर्’ म्हणा, समोरच्याला कळेल.