सात फुटांतला संसार

इंग्लंडातल्या कालव्यांवरचा नावाडी बायकामुलांसकट ज्या खोलीत राहायचा, ती साधारण दहा फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद असे. बोट चांगली सत्तर फुटी, पण पुढचा सगळा भाग कोळशाचा, धान्याचा, लोखंडाचा. मालाचं भाडं मिळतं, माणसांचं मिळत नाही. म्हणून माणसांनी मागे सुकाणूपाशी मावेल तसं मावायचं. रुंदीचा हा हिशेब जेम्स ब्रिंडली यांचा. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे नेणारा कालवा त्यांच्या देखरेखीखाली १७६१ मध्ये सुरू झाला. पुढे मिडलंड्समधल्या कालव्यांवर बोटी चढवायला-उतरवायला त्यांनी जे लॉक बांधले, ते पाणी आणि पैसा वाचवण्यासाठी सातच फूट रुंद ठेवले. या माणसावर मी अजून चिडून आहे. आम्हीही कालव्यावरच्या अशाच बोटीत राहतो. आमची बोट आजची, पोलादी. आत गॅस आहे, शॉवर आहे. पण नवरा भांडी घासायला उभा राहिला की मला पलीकडे जाता येत नाही.

सुरुवातीला नावाड्यांची घरं काठावरच होती. १८४० नंतर रेल्वेनं मालवाहतुकीचे दर पाडले आणि मजुरी परवडेना. मग पगारी गडी काढला, घरभाडं वाचवलं, बायकापोरं बोटीवर आली. बायकोनं सुकाणू धरायचं, पोरांनी काठावरून घोडा हाकायचा. पगार मात्र एकालाच.

आता ती खोली बघा. आत उतरायची पायरी म्हणजेच कोळशाची पेटी. उतरलं की डाव्या हाताला बिडाची शेगडी. स्वयंपाक तिच्यावर, ऊब तिची आणि ओले कपडे वाळायचे तेही तिच्याच धगीवर. शेगडीला लागून एक कपाट, त्याचं दार खाली पाडलं की जेवायचं टेबल. त्याच्या पुढचं मोठं कपाट उघडलं की फळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी पडायची. तो नवराबायकोचा पलंग. सकाळी अंथरूण कपाटात कोंबायचं आणि फळी वर. उजवीकडचा बाक दिवसा बसायला, रात्री पोरांना निजायला. पिण्याचं पाणी छपरावरच्या पत्र्याच्या कॅनमध्ये. संडास म्हणजे बादली.

आणि एवढ्या जागेत सजावट! भिंतीवर जाळीदार काठाच्या चिनीमातीच्या बशा रिबिनीत ओवून टांगलेल्या, शेगडीवर पितळी दांड्या, दाराला पितळेच्या मुठी, कपाटाला हातानं विणलेली लेस. दारांवर, पाण्याच्या कॅनवर गुलाबाची फुलं आणि तळ्याकाठचे किल्ले रंगवलेले. हा गुलाब-किल्ल्यांचा थाट जॉन हॉलिंग्सहेड यांनी १८५८ मध्येच पाहिला होता; मालबोटीतून केलेल्या त्या प्रवासावर त्यांनी डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ साप्ताहिकात लिहिलं आहे. चार पैसे जमले की ॲशबी कालव्यावरच्या मीशम गावातून तपकिरी चकाकीची, वर नाव घातलेली मोठी चहादाणी आणायची. मी गिरगावात चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढले. मांडणीवरचे चिंचेनं घासलेले पितळेचे डबे आधी आणि बाकीच्या सोयी नंतर, हा क्रम मला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

तो समजला नाही जॉर्ज स्मिथ यांना. लहानपणी वीटभट्टीवर राबलेला हा कोलव्हिलचा सुधारक. त्यांनी १८७५ मध्ये ‘अवर कॅनॉल पॉप्युलेशन’ हे पुस्तक काढलं आणि नावाड्यांची घाण, दारू, निरक्षरता यांचं असं काळंकुट्ट चित्र रंगवलं की पार्लमेंटला हलावंच लागलं. १८७७ मध्ये कॅनॉल बोट्स ॲक्ट आला. राहत्या बोटींची नोंदणी सुरू झाली आणि प्रौढ माणशी ६० घनफूट, बारा वर्षांखालच्या मुलाला ४० घनफूट हवा असलीच पाहिजे असा नियम झाला. नवराबायकोचे १२० घनफूट गेले की उरलेल्या हवेत मुलं मोजून बसवायची. स्मिथ यांचा हेतू चांगला होता आणि तपासणीच्या धाकानं काही खोल्या सुधारल्याही. पण बाईला नळ मिळाला नाही, संडास मिळाला नाही, बोटही फूटभर रुंद झाली नाही. घोड्याच्या जागी इंजिन आलं, तेव्हा त्यालाही बोटीतच जागा द्यावी लागली.

दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा चांगल्या घरच्या मुली या बोटींवर कामाला घेतल्या. लंडनहून माल घेऊन बर्मिंगहॅमला जायचं, येताना कॉव्हेंट्रीकडच्या खाणींतला कोळसा भरायचा. त्यांतल्या एमा स्मिथ यांनी १९४८ मध्ये ‘मेडन्स ट्रिप’ या पुस्तकातून बोटीवरच्या दिवसांची हकीकत सांगितली.

माझ्या मते बोटीवरच्या सुखाचा खरा इतिहास सुरू होतो तो १९३९ मध्ये, बॅनबरीच्या टूली यांच्या गोदीत. एल. टी. सी. रोल्ट या इंजिनियरनं ‘क्रेसी’ नावाची जुनी बोट घेतली आणि मालाच्या जागेत घर बांधलं. त्यात चक्क आंघोळीचा टब! रोल्ट दांपत्य तिच्यावर राहायला गेलं, १९४४ मध्ये ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आलं आणि दोन वर्षांत कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. टब काही जादूनं मावला नाही. माल नव्हता म्हणून मावला. शंभर वर्षं ज्या बायकांनी सुकाणू धरलं त्यांना ही जागा कधीच मिळणार नव्हती, कारण पोट त्याच जागेवर चालत होतं.

पुढे १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि त्याच वर्षी सरकारी बोटींची बहुतेक मालवाहतूक बंद झाली. ॲथरस्टोनकडचा कोळसा साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला नेणारी शेवटची नियमित लांब पल्ल्याची फेरी १९७० मध्ये थांबली. आज आम्ही त्याच साउथॉलला कढीपत्ता आणायला जातो.

आमच्याकडे आता छपरावर सोलर पॅनेल आहेत, पण डिसेंबरात ते नुसते शोभेला. इडलीचं पीठ वाटायचं तर आधी इंजिन सुरू करावं लागतं, नाहीतर मिक्सर बॅटरी ओढून टाकतो. खोलीच्या मध्यभागी शेगडी आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर २०१९ पासून सक्तीचाच. थंडीत पोलादाला आतून घाम फुटतो. गादीखाली हवा खेळती ठेवली नाही की बुरशी आलीच. कायमचा धक्का नसलेल्या आमच्यासारख्यांना एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. नळ गाठून टाकी भरायची आणि संडासाची पेटी हातानं उचलून रिती करायची, हे नवऱ्याचं काम. त्याबाबतीत आम्ही बादलीच्या फार पुढे गेलेलो नाही.

लंडनहून उत्तरेला, नॉर्थॅम्पटनशायरमध्ये स्टोक ब्रुअर्न नावाचं गाव आहे. तिथल्या लॉकजवळ सिस्टर मेरी वॉर्ड या नर्सबाई नावाड्यांना औषधपाणी द्यायच्या. १९५१ मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. तिथल्या जुन्या गिरणीत १९६३ पासून कालव्यांचं संग्रहालय आहे आणि त्यात बोटीवरची ती खोली उभी केलेली आहे. इकडे मुलांकडे राहायला आलात तर बिग बेनसोबत तेही बघून घ्या. नुसता फोटो काढून निघू नका. शेगडीपाशी उभ्या राहा आणि सहा माणसांची पानं कुठे मांडाल ते ठरवा.