फोटो हवेतून जातो, पण कोणाकडे? कॅमेऱ्यातल्या वायफायची गोष्ट

 

जुने डिजिकॅम सध्या परत फॅशनमध्ये आलेत. कुणी मावशीच्या कपाटातून काढतंय, कुणी सेकंडहँड घेतंय. विकणारा अभिमानाने सांगतो, ‘यात वायफाय पण आहे!’ असेल हो. पण ते आज चालेल का? याचं उत्तर इतिहासात आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आधी एक साधी गोष्ट सांगतो. वायरलेसला दोन टोकं असतात. फोटो पाठवणारं एक आणि घेणारं एक. दुकानात आपण पैसे मोजतो ते पहिल्या टोकाचे. दुसरं टोक कोणाच्या हातात आहे, हे कुणी विचारतच नाही.

११ जून १९९७. कॅलिफोर्नियात सांता क्रूझमध्ये फिलिप कान नावाच्या इंजिनिअरला मुलगी झाली. त्याने हॉस्पिटलमध्येच डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाईल एकमेकांना जोडले आणि बाळाचा फोटो दोन हजारांहून जास्त लोकांपर्यंत पोचवला. या जुगाडातली खरी गंमत ऐका: फोटो घेणारा सर्व्हर त्याच्या स्वतःच्या घरी होता. म्हणजे दोन्ही टोकं त्याचीच.

पुढचा टप्पा प्रेस फोटोग्राफरांचा. २००३ मध्ये निकॉनचा डी२एच आला. त्याच्या बुडाला डब्ल्यूटी-१ नावाचा ट्रान्समीटर बसवता यायचा आणि मैदानावरून फोटो वायफायने थेट निघायचे. कसे? एफटीपीने. एफटीपी म्हणजे फाइल पाठवायची जुनी आणि सगळ्यांना खुली असलेली पद्धत. सर्व्हर वर्तमानपत्राचा स्वतःचा, निकॉनची परवानगी लागत नाही. आजही महागड्या व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या मेनूत एफटीपी सापडतं. वीस वर्षं टिकलं ते, कारण त्याचं दुसरं टोक कुणा एका कंपनीच्या खिशात नव्हतं.

आता आपल्यासारख्यांकडे येऊ. जानेवारी २००५ मध्ये कोडॅकने ईझीशेअर-वन जाहीर केला. ४ मेगापिक्सेल, टचस्क्रीन, आणि वायफाय कार्ड वेगळं विकत घ्यायचं. हॉटस्पॉट सापडला की फोटो कॅमेऱ्यातूनच ईमेल करा, नाहीतर कोडॅकच्या ऑनलाइन गॅलरीत टाका. त्याच वर्षी निकॉनने कूलपिक्स पी१ आणि पी२, तर कॅननने पॉवरशॉट एसडी४३० वायरलेस आणला. यांचा भर फोटो घरच्या कॉम्प्युटरकडे पाठवण्यावर होता.

लक्षात घ्या, आयफोन यायला अजून दोन वर्षं होती! कल्पना योग्यच होती, पण वायफायचा लांबलचक पासवर्ड बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर शोधून टाकून बघा. त्यात बॅटरी भराभर उतरायची. आणि कोडॅकची ती गॅलरी? २०१२ मध्ये बंद झाली.

मग आला माझा सगळ्यात आवडता किस्सा: आय-फाय. २००७ मध्ये एका स्टार्टअपने एसडी कार्डाच्या आतच वायफाय बसवलं. २ जीबीचं कार्ड, किंमत साधारण १०० डॉलर. साध्यातल्या साध्या कॅमेऱ्यात घाला, कॅमेऱ्याला वाटतं हे नेहमीचंच कार्ड. फोटो काढा, तो आपोआप घरच्या कॉम्प्युटरवर. भन्नाट होतं!

पण कार्ड सेट करायला कंपनीची ऑनलाइन सेवा लागायची. २०१६ मध्ये कंपनीने कळवलं की १६ सप्टेंबरनंतर एक्स२ आणि त्याआधीची कार्डं चालणार नाहीत. कार्डं धडधाकट होती, फक्त दुसरं टोक मेलं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर कंपनीने एक तात्पुरतं टूल दिलं, तेही ‘चाललं तर चाललं’ अशा बोलीवर.

दरम्यान स्मार्टफोनने बाजी मारली होती. जपानी कॅमेरा कंपन्यांची संघटना ‘सीपा’ विक्रीसाठी रवाना झालेल्या कॅमेऱ्यांचे आकडे देते. २०१० मध्ये १२ कोटींहून जास्त कॅमेरे, २०२३ मध्ये ८० लाखांहूनही कमी. मग कंपन्यांनी ठरवलं, फोनशी भांडायचं नाही, फोनलाच दुसरं टोक करायचं.

आजचे बहुतेक कॅमेरे असेच चालतात. कॅमेरा स्वतःचं छोटं वायफाय नेटवर्क तयार करतो आणि फोन त्याला जोडला जातो. त्या नेटवर्कवर इंटरनेट नसतं. त्यामुळे फोनला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि तो मोबाईल डेटावर पळतो. ‘कनेक्ट होतं आणि लगेच तुटतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. ट्रान्स्फर होईपर्यंत मोबाईल डेटा बंद ठेवा आणि ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू का’ असं फोनने विचारलं तर ‘हो’ म्हणा.

२०१६ मध्ये निकॉनच्या स्नॅपब्रिजने कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ वापरून फोन सतत जोडलेला ठेवायची सोय केली. फोटो आपोआप फोनवर येतात, पण ती २ मेगापिक्सेलची छोटी प्रत असते. स्टेटसला ठीक आहे. पण तेवढ्यावर भरवसा ठेवून कार्ड फॉरमॅट केलंत, तर मूळ फोटो गेले!

आणि दार उघडं ठेवलं की कुणीही आत येऊ शकतं. २०१९ मध्ये चेक पॉइंट कंपनीच्या संशोधकांनी कॅननच्या ईओएस ८०डी मधले फोटो वायफायवरून कुलूपबंद करून दाखवले. खंडणी मागणारं रॅन्समवेअर, तेही कॅमेऱ्यात! कॅननने फर्मवेअर अपडेट दिलं. म्हणून अपडेट टाळू नका आणि काम झालं की कॅमेऱ्याचं वायफाय बंद करा.

तर मंडळी, वायफायवाला कॅमेरा घेताना विकणाऱ्याला फक्त ‘वायफाय आहे का’ विचारू नका. त्याचं ॲप आजही मिळतंय का आणि तुमच्या फोनवर चालतंय का, ते समोर जोडून बघा. ॲप स्टोअरमधून गेलं असेल, तर त्या वायफायचे जास्तीचे पैसे देऊ नका. आणि एक कार्ड रीडर घेऊन ठेवा. त्याला ना ॲप लागतं, ना कुणाचा सर्व्हर.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्याकडे असं ‘दुसरं टोक’ हरवलेलं एखादं गॅजेट पडून असेल, तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!