तळटीप: नांदूर मध्यमेश्वरची पाणपातळी व काठची वनस्पती
१. निफाड तालुक्यात (जि. नाशिक) गोदावरी-कादवा संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला. त्यामागे साचलेल्या गाळाची बेटे आणि उथळ दलदल म्हणजेच नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (२०२०). अशा काठची वनस्पती पाण्याच्या चढउतारावर जगते. पाणकणीस, लव्हाळा यांचे बी गाळात वर्षानुवर्षे टिकते; पण पाणी उतरून चिखल उघडा पडला, त्याला ऊन आणि हवा लागली, म्हणजे ते जोमाने रुजते. रोपे उभी राहिल्यावर पाणी सावकाश चढवावे लागते. एकदम चढवल्यास ती बुडून कुजतात. पातळी वर्षभर एकाच जागी ठेवली तर जुनी झाडे थकतात आणि नवी फारशी येत नाहीत. पाणकणीस माजलेच तर उन्हाळ्यात बुडापाशी कापून खुंटांवर पाणी चढवतात. हवा तुटल्याने जमिनीतले गड्डे मरतात. जलपर्णीसाठी मात्र पाणी उतरवून ती मारण्याच्या उपायावर विसंबू नये, कारण तिचे बीही उघड्या चिखलात रुजते. नांदूरची खरी अडचण वेगळी: बंधारा सिंचनासाठी असल्याने पाणी कालव्याच्या आवर्तनांनुसार हलते, रोपांच्या ऋतूनुसार नव्हे. आवर्तने ठरवतानाच हा ऋतू हिशेबात धरणे अत्यंत गरजेचे आहे.