तळटीप : 'सेठजींचे नाटक'

जबलपूरचे सेठ गोविंददास (१८९६–१९७४). राजा गोकुळदासांचे नातू, घराणे वल्लभ संप्रदायी वैष्णव, राजकारण काँग्रेसचे. मृत्यूपर्यंत जबलपूरचे खासदार. हिंदीत शंभराच्या आसपास नाटके व एकांकिका लिहिल्या, त्यांतल्या बऱ्याच सत्याग्रहांच्या काळात तुरुंगात. 'कर्तव्य'च्या पूर्वार्धात राम आहे, उत्तरार्धात कृष्ण, 'हर्ष'मध्ये सम्राट. लेखकाने येथे अथेन्सची आठवण का काढली, ते यावरून कळावे. तिथे नाटक डायोनिससच्या उत्सवात, त्याच्याच देवळालगत होई. कोणाची नाटके घ्यायची हे नगराचा अधिकारी ठरवी आणि कोरसचा खर्च एखाद्या धनिक नागरिकाच्या गळ्यात पडे. त्याला कोरेगोस म्हणत. तो कर होता आणि मिरवण्याची संधीही. मात्र कोरेगोसला नाटक लिहावे लागत नसे. आमच्या सेठजींनी तेही केले, आणि काही वेळा जरा जास्तच भरभरून.

राज्यकर्त्यांना न रुचणारे नाटक दोन्हीकडे अडले. मिलेटसच्या पाडावावर फ्रिनिखसने नाटक केले तेव्हा प्रेक्षक ढसाढसा रडले; अथेन्सने त्याला हजार द्राख्मांचा दंड केला आणि ते पुन्हा करू नये असा हुकूम काढला, असे हेरोडोटस सांगतो. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांच्या नियंत्रणाचा कायदाच केला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) प्रेक्षकांना कर्झन दिसला. १९१० मध्ये त्यावर बंदी आली. महाभारताचा आडोसा पुरला नाही.